कीबोर्ड मधोमध कापलेला का असतो?

ऑफिसात एखाद्याच्या टेबलावर, नाहीतर यूट्यूबवर कुणीतरी आपलं वर्कस्टेशन दाखवत असतो तेव्हा तो दिसतो. मध्ये फाकलेला, पाठीवर कुबड आल्यासारखा फुगलेला; कधी तर चक्क दोन वेगळे तुकडे आणि त्यांच्यामध्ये चहाचा मग. किंमत विचारली की विचारणारा गप्प होतो. साधा कीबोर्ड चार-पाचशे रुपयांत मिळतो, मग त्याच्या दहा-वीसपट पैसे मोजून हे विचित्र प्रकरण कोण घेतं आणि घेऊन होतं काय?

याला अर्गोनॉमिक कीबोर्ड म्हणतात. अर्गोनॉमिक म्हणजे काम करणाऱ्याच्या शरीराच्या ठेवणीवर बेतलेलं. शब्द चांगला आहे, पण त्याच्या वापरावर कुणाचा पहारा नाही. मनगटाखाली प्लास्टिकची एक पट्टी चिकटवून खोक्यावर ‘अर्गोनॉमिक’ छापलं तरी कुणी विचारत नाही. म्हणून आधी आपल्याच हाताकडे बघू.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. वस्तू उपयोगी आहे, पण ती औषध नाही. ती हाताची ठेवण बदलते, बस. ठेवणीमुळे दुखत असेल तर फरक पडतो. आणि आपल्याकडे बऱ्याच जणांच्या बाबतीत ठेवण बिघडवणारा गुन्हेगार कीबोर्ड नसून टेबल असतं.

## साधा कीबोर्ड हात कुठे कुठे वाकवतो

खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात बाजूला सैल सोडा. आता खांदे न उचलता फक्त कोपरातून हात वर घ्या. तळवे कुठे वळलेत बघा. एकमेकांकडे, आरतीला टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे. अंगठे वरच्या बाजूला. हाताची ही विसाव्याची जागा.

याच हातांनी आता समोरच्या कीबोर्डवर टाइप करायला घ्या. तीन गोष्टी घडतात.

पहिली, तळवे जमिनीकडे वळतात. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं असतात. तळवा पालथा करताना त्यातलं एक हाड दुसऱ्यावरून तिरकं जातं. दोन मिनिटं काहीच वाटत नाही. आठ तास तसंच ठेवलं की कोपराखालचे स्नायू तक्रार करायला लागतात.

दुसरी, हात मध्यभागी गोळा होतात. अक्षरांचा पट्टा टॅबपासून एंटरपर्यंत जेमतेम २८ सेंटीमीटर रुंद असतो आणि खांदे त्याहून रुंद. त्यामुळे कोपरापासून हात आत तिरके येतात, पण बटणांच्या रांगा मात्र सरळ आडव्या. मग बोटं रांगेवर आणण्यासाठी मनगट करंगळीच्या दिशेने बाहेर मुरडावं लागतं. वरून मोबाइलने फोटो काढून बघा. हात आणि तळवा एका रेषेत नसतात, मनगटाशी स्पष्ट कोन दिसतो.

तिसरी, मनगट वर उचललं जातं. यात आपलाही हातभार असतो. कीबोर्डच्या मागे दोन छोटे पाय असतात, ते जवळजवळ प्रत्येक जण कीबोर्ड खोक्यातून काढल्या काढल्या उघडतो. मागची बाजू उंच होते आणि तळवा मनगटाशी मागे मोडतो. हे पाय अक्षरं नीट दिसावीत म्हणून असतात. बटणं बघून टाइप करणाऱ्याला त्यांचा उपयोग, मनगटाला काहीच नाही.

अर्गोनॉमिक कीबोर्डचे सगळे विचित्र आकार या तीन गोष्टींवरचे उपाय आहेत. मधला फाकलेला भाग दुसऱ्या गोष्टीसाठी. मधला उंचवटा पहिलीसाठी, म्हणजे तळवे थोडे तरी एकमेकांकडे वळावेत म्हणून. आणि पुढून उंच, मागून उतरता असा उलटा उतार तिसरीसाठी. कुठलाही कीबोर्ड बघताना हे तीन प्रश्न विचारले की जाहिरातीची गरज उरत नाही.

## मनगटाच्या आत काय चाललेलं असतं

बोटांमध्ये स्वतःचे स्नायू जवळजवळ नसतातच. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि तिथून लांब, चिवट दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. या दोऱ्यांना टेंडन म्हणतात. सायकलचा ब्रेक डोळ्यासमोर आणा. हँडलला दांडी दाबली की नळीतली वायर ओढली जाते आणि चाकाशी रबर आवळतं. वायर सरळ असेल तोवर काम हलकं. नळीला मोड पडला की वायर कडेला घासते, दांडी जड होते, आणि काही महिन्यांनी नेमकी मोडाच्या जागी वायर झिजते. मनगट मुरडून टाइप करताना टेंडनचं साधारण असंच होतं. फक्त माणसाच्या शरीरात दुरुस्तीही चालू असते, तिला वेळ मिळाला तर.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची एक खोबण असते आणि तिच्यावर एका जाड पट्ट्याचं छत. या बोगद्यातून बोटं मिटवणारे नऊ टेंडन जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक महत्त्वाची नस. मनगट मागे किंवा पुढे मोडलं की बोगद्यातला दाब वाढतो. टेंडनभोवतीचं आवरण सुजलं तरी वाढतो. नस दबली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू इथे मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बरेचदा रात्री झोपेतून जाग येते आणि माणूस हात झटकत बसतो. हाच तो कार्पल टनेलचा त्रास.

करंगळीला मुंग्या येत असतील तर नस वेगळी. ती कोपराच्या आतल्या बाजूने येते, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात तिथून. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणं, तासन्‌तास कोपर दुमडून फोन धरणं ही तिची नेहमीची कारणं, आणि जगातला कितीही महाग कीबोर्ड तिथे काही करू शकत नाही. कुठल्या बोटाला मुंग्या येतात हे दोन-चार दिवस लक्ष देऊन पाहणं हा फुकटातला आणि फार उपयोगी तपास आहे.

## मग हा सरळ आकार आला कुठून

टाइपरायटरकडून. क्रिस्टोफर शोल्स आणि त्याच्या साथीदारांचं यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये अमेरिकेत बाजारात आणलं. प्रत्येक बटणाखाली एक लोखंडी दांडी होती, आणि दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून प्रत्येक रांग वरच्या रांगेपेक्षा थोडी सरकवलेली. तुमच्या कीबोर्डवर ए हे बटण क्यूच्या बरोबर खाली नाही, जरा उजवीकडे आहे, त्याचं मूळ त्या दांड्यांत. दांड्या गेल्या, तिरपेपणा राहिला. त्याची गंमत अशी की सगळ्या रांगा एकाच दिशेला सरकलेल्या असल्याने उजव्या हाताला हा तिरपेपणा बऱ्यापैकी मानवतो. डावा हात नेमका उलट्या कोनातून येतो, त्याला तो आडवा जातो.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. जर्मनीत क्लॉकेनबर्ग या अभ्यासकाने १९२६ मध्येच कीबोर्ड दोन भागांत विभागावा असं मांडलं होतं. पुढे संशोधक क्रोमर यांनी फाकलेले आणि मध्ये उंचावलेले कीबोर्ड माणसांवर तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉब्डे यांनी सत्तरच्या दशकात माल्ट्रॉन बनवला. त्यात बटणं वाडग्यासारख्या खोलगट भागात बसवलेली होती, कारण बोटं काही एकाच लांबीची नसतात. अमेरिकेतल्या कायनेसिस कंपनीने नव्वदीच्या सुरुवातीला तोच धागा पुढे नेला. पण सामान्य दुकानात हा आकार पोहोचला तो १९९४ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डमुळे. आज अर्गोनॉमिक म्हटल्यावर डोळ्यासमोर येणारा पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा आकार तिथून रूढ झाला.

एक गल्लत इथेच सोडवू. १९३६ चं पेटंट असलेल्या ड्वोरॅकसारख्या मांडण्या अक्षरांच्या जागा बदलतात. तो वेगळा विषय. अर्गोनॉमिक कीबोर्डवर अक्षरं तीच, त्याच क्रमाने असतात. बदलतो तो कीबोर्डचा आकार.

## बाजारात काय काय मिळतं

सगळ्यात सौम्य प्रकार लाटेसारख्या वळणाचा, मध्ये न तुटलेला. लॉजिटेकचा वेव्ह कीज हे त्याचं उदाहरण. सवय व्हायला त्रास नाही, पण हातांमधलं अंतर फारसं वाढत नाही.

दुसरा एकसंध पण फाकलेला: मायक्रोसॉफ्टची जुनी मॉडेलं, लॉजिटेकचा अर्गो के८६०. मनगटाची मुरड बरीच कमी होते, मध्ये उंचवटा असतो, आणि के८६० ला पुढच्या बाजूने पाय असल्याने उलटा उतारही करता येतो. ऑफिसात दिवसभर ईमेल, एक्सेल, अहवाल असं काम करणाऱ्याला मी हाच सुचवेन. फाकण्याचा कोन मात्र कंपनीने ठरवलेला. तुमच्या खांद्यांची रुंदी त्यांना माहीत नसते.

तिसरा खरोखर दोन तुकड्यांचा. प्रत्येक तुकडा हव्या त्या अंतरावर, हव्या त्या कोनात. झेडएसए कंपनीच्या मूनलँडरसारखे कीबोर्ड यात येतात. ठेवणीच्या दृष्टीने यांना तोड नाही, पण मूनलँडरची मूळ किंमतच ३६५ डॉलर, त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क. शिवाय यांत बटणांची जागा नव्याने शिकावी लागते, अंगठ्यांना चार-पाच बटणं सांभाळावी लागतात. प्रोग्रामर मंडळी यात आनंदाने रमतात. बाकीच्यांनी आधी मनाशी खरं उत्तर द्यावं: आपल्याला हात सुधारायचाय की नवं खेळणं हवंय? खेळण्याला माझी हरकत नाही, फक्त ते दुखण्याच्या खात्यात लिहू नये.

## पण याने खरंच बरं वाटतं का

इथे जाहिराती आणि पुरावा यांची वाट वेगळी होते.

ठेवण सुधारते हे मोजून दिसलेलं आहे. फाकलेल्या कीबोर्डवर मनगट जास्त सरळ राहतं, यावर फारसा वाद नाही. वाद पुढच्या पायरीवर आहे: मनगट सरळ राहिल्याने आजार टळतो का? अमेरिकेची कामगार-आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था नायोश हिने १९९७ मध्ये यावर एक पुस्तिका काढली. तिचा सूर असा की ठेवण सुधारते, पण असे कीबोर्ड दुखणं किंवा इजा टाळतात हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही.

दोन वर्षांनी एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झाला. हात किंवा मनगट आधीच दुखत असलेल्या ८० जणांना चार प्रकारचे कीबोर्ड वाटून दिले. त्यातला एक साधाच होता. सहा महिन्यांनंतर मायक्रोसॉफ्टचा फाकलेला कीबोर्ड वापरणाऱ्यांना साध्या कीबोर्डवाल्यांपेक्षा कमी दुखत होतं. बाकीच्या दोन महागड्या रचनांनी तितकी चमक दाखवली नाही. यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, ज्यांना दुखतंय त्यांना फायदा होऊ शकतो. दोन, आठवड्याभरात निकाल लावू नये.

कार्पल टनेलचं चित्र आणखी गुंतागुंतीचं. २००३ मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे सात हजार तंत्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कीबोर्डच्या वापराचा आणि कार्पल टनेलच्या लक्षणांचा ठोस संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो माउसशी, तोही आठवड्याला वीस तासांहून जास्त वापरणाऱ्यांत. हा त्रास स्त्रियांना जास्त होतो. गर्भारपण, मधुमेह, थायरॉइड कमी काम करणं, वाढलेलं वजन यांच्याशी त्याचं जवळचं नातं आहे. म्हणजे बोटांना मुंग्या येतात म्हणून ऑनलाइन कीबोर्ड मागवला आणि मूळ कारण साखर निघालं, असं होऊ शकतं. रात्री जाग येत असेल, अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग चपटा दिसायला लागला असेल, हातातून भांडं निसटत असेल तर डॉक्टरांकडे जा. नस नीट काम करते का हे तपासण्याची चाचणी असते, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा स्वस्तात मिळतो. फार दिवस दबलेली नस पूर्ववत होईलच असं नसतं, त्यामुळे इथे कीबोर्डवर प्रयोग करत बसू नये.

## ‘टाइपरायटरवर आयुष्य गेलं, कुणाचं मनगट दुखलं?’

हा आक्षेप हमखास येतो, बहुधा निवृत्त मामा-काकांकडून. आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

टाइपरायटरवरचं काम आठवा. ओळ संपली की घंटी वाजायची, डावा हात उचलून गाडा मागे ढकलायचा. पान संपलं की कागद काढायचा, मध्ये कार्बन घालून नवे चढवायचे, गोल फिरवायचे. चूक झाली की खोडरबर. हात दर काही सेकंदांनी वेगळं काहीतरी करत होता. आणि बटणं इतकी जड की मनगट टेकवून टाइप करणं शक्यच नव्हतं. टंकलेखनाच्या क्लासमध्ये मनगट खाली गेलं की फुटपट्टी बसायची ती यासाठीच. शिवाय माउस नव्हता. संगणकाने ही सगळी बारीकसारीक हालचाल काढून टाकली आणि हात एका जागी बांधून ठेवला.

त्या काळी दुखत नव्हतं हेही पूर्ण खरं नाही. दुखणं सांगायची पद्धत नव्हती. याची दुसरी बाजू ऑस्ट्रेलियात दिसली. ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथे कीबोर्डवर काम करणाऱ्यांच्या हातदुखीच्या तक्रारी एकदम फुगल्या, टेलिकॉम खात्यात विशेषकरून, आणि दशक संपता संपता ओसरल्या. कीबोर्ड तर तेच होते. कामाचा वेग, डोक्यावरची देखरेख, नोकरीची चिंता, नुकसानभरपाईचे नियम, डॉक्टर काय सांगतात, या सगळ्यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाला. दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ नाही. हात दुखायला कीबोर्डच्या आकारापलीकडेही कारणं लागतात, एवढं त्यातून कळतं. दिवसाला बारा तास आणि जेवायला दहा मिनिटं असा कारभार असेल तर कुठलाही आकार पुरणार नाही.

## पैसे घालण्याआधी टेबल बघा

कोविडमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा अनेकांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर थाटलं गेलं आणि बऱ्याच घरांत ते तिथेच राहिलं. अशी टेबलं आणि ऑफिसची बरीच टेबलंही साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास. तिने पाय जमिनीवर टेकवून बसावं, तर कोपर टेबलाच्या बरंच खाली राहतं. मग खांदे उचलायचे, मनगट टेबलाच्या कडेवर टेकवायचं आणि तळवा मागे मोडायचा. या अवस्थेत तिच्यापुढे तीस हजारांचा कीबोर्ड ठेवला तर तोही उंचच असणार.

उपाय: खुर्ची इतकी वर घ्या की कोपर बटणांच्या पातळीला किंवा किंचित वर येईल. पाय लोंबकळायला लागतील; त्याखाली पाट ठेवा. खरंच, जेवायला बसायचा लाकडी पाट. फूटरेस्ट म्हणून हजार-दीड हजाराला जे विकतात त्याचं काम तो करतो.

कीबोर्डच्या मागचे पाय मिटवा. हे आत्ता, वाचता वाचता करा.

कीबोर्ड मधोमध ठेवू नका. विचित्र वाटेल, पण नंबरपॅडसकट पूर्ण कीबोर्ड स्क्रीनसमोर मधोमध ठेवला की अक्षरं डावीकडे सरकतात आणि माउस पार उजवीकडे जातो. जी आणि एच या बटणांमधली फट बेंबीच्या समोर आली पाहिजे. आकडे भरायचं काम नसेल तर नंबरपॅड नसलेला छोटा कीबोर्ड घ्या. माउस चांगला चार बोटं जवळ येतो. डेन्मार्कचा माउसबद्दलचा निष्कर्ष आठवला तर या साध्या बदलाचं वजन लक्षात येईल. टॅलीवर बसणाऱ्यांना नंबरपॅडशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी सुटा नंबरपॅड घ्यावा. माउस आणि तो, ज्याची गरज असेल तो जवळ ओढता येतो.

लॅपटॉपवाल्यांची अडचण मुळातली आहे. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एकतर मान वाकते नाहीतर हात उचलले जातात. जाड पुस्तकांवर लॅपटॉप चढवून बाहेरचा कुठलाही साधा कीबोर्ड जोडला तरी निम्मं काम होतं.

आणि मनगटाखालची गादी? ती टाइप करताना टेकायला नसते. थांबलात की टेकायला असते, तेही मनगटाचा मऊ भाग नव्हे, तळव्याची टाच. मनगट रोवून बोटं ताणत बसलं तर बोगद्यावर वरून दाब येतो, म्हणजे ज्यासाठी गादी घेतली त्याच्या नेमकं उलट.

## दोनशे रुपयांचा प्रयोग

हे सगळं करूनही मनगट किंवा खांदा कुरकुरत असेल तर अर्गोनॉमिक कीबोर्डचा विचार जरूर करा. पण आधी एक प्रयोग. विंडोज संगणकाला दोन यूएसबी कीबोर्ड एकदम जोडता येतात आणि दोन्ही चालतात. एकावर शिफ्ट दाबून दुसऱ्यावर अक्षर दाबलं तरी कॅपिटल उमटतं. घरात पडलेला जुना कीबोर्ड काढा, नाहीतर जुन्या सामानाच्या दुकानातून उचला. डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर. छोट्या लॅपटॉपच्या बटणांवर डावा हात आणि शेजारच्या बाहेरच्या कीबोर्डवर उजवा, असंही जमतं. मॅकवर मात्र शिफ्ट एका कीबोर्डवरून दुसऱ्याला लागू होत नाही.

दिसायला हास्यास्पद, पण पंधरा मिनिटांत दोन गोष्टी कळतात. छाती मोकळी होऊन खांदे मागे गेल्यावर तुम्हाला बरं वाटतं का, हे कळतं. आणि तुमची बोटं किती बेशिस्त आहेत तेही. दोन-चार बोटांनी टाइप करणाऱ्यांचा उजवा हात खुशाल टी आणि जी वर जाऊन येतो. कीबोर्ड फाकला की तो रस्ता बंद होतो. अशांनी आधी दहा बोटांनी टाइप करायला शिकावं. तो खर्च शून्य आणि फायदा आयुष्यभराचा.

## वेग कमी होतो का

होतो. पहिले काही दिवस चांगलाच, इतका की ऑफिसच्या चॅटवर लोक विचारतात, बरं नाही का? फाकलेल्या एकसंध कीबोर्डवर दोन आठवड्यांत बहुतेकांचा हात बसतो. सुट्या तुकड्यांवर, जिथे रांगांचा तिरपेपणाही काढून टाकलेला असतो, महिना धरावा. तिमाही संपत असताना किंवा ऑडिटच्या आठवड्यात सुरुवात करू नका. रोज एखादा तास वापरून वाढवत न्या. जुना कीबोर्ड विसरला जाईल ही भीती मात्र अनाठायी. हात दोन्ही लक्षात ठेवतो.

वेग वाढेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि शासकीय टंकलेखनाची परीक्षा किंवा लिपिक पदाची कौशल्य चाचणी द्यायची असेल, म्हणजे मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द मिनिटाला, तर सराव साध्या कीबोर्डवरच करा. केंद्रावर समोर साधाच कीबोर्ड असतो.

## आणि मराठी टाइप करणाऱ्यांनी

इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवणाऱ्यांना काही वेगळं सांगायला नको, त्यांची बटणं तीच. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली सरकारी मांडणी, वापरणाऱ्यांची गोष्ट निराळी, आणि परदेशी परीक्षणं वाचून कीबोर्ड घेणारे इथेच अडकतात.

इनस्क्रिप्टची रचना मुळात फाकलेल्या कीबोर्डला धार्जिणी आहे. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. हात आलटून पालटून चालतात. पण उजव्या करंगळीवर तिने भार फार टाकलाय. ज, च, ट, ड, य ही सगळी एकट्या करंगळीची. त्यात शिफ्ट. ‘शाळा’ एवढा शब्द लिहायला दोनदा शिफ्ट दाबावं लागतं, एकदा श साठी आणि एकदा ळ साठी. दिवसभर मराठी मजकूर टाइप करणाऱ्या डीटीपी ऑपरेटरचे हात जवळून पाहिलेत तर करंगळ्यांची ही धावपळ दिसेल. ज्या कीबोर्डांत अंगठ्याला जास्त बटणं असतात आणि कुठल्या बटणाने काय व्हावं हे बदलता येतं, त्यांत शिफ्ट अंगठ्याखाली आणता येतं. मराठीपुरती ही सोय फाकलेल्या आकाराइतकीच मोलाची वाटते मला.

अडचण व ची. तो इंग्रजी बी च्या बटणावर आहे. व्यंजनं उजवीकडे या हिशेबाने कित्येक जण तो उजव्या तर्जनीने दाबतात. फाकलेल्या कीबोर्डवर बी सहसा डाव्या भागात असतो, त्यामुळे पहिले काही दिवस व ऐवजी बोट मधल्या मोकळ्या जागेत पडतं. मायक्रोसॉफ्टच्या नॅचरलवर सहाचा आकडाही डावीकडे गेलाय. शिफ्टसह त्यावर त्र आहे.

मोठी अडचण छोट्या कीबोर्डांची. सध्या फॅशनमध्ये असलेल्या चाळीसेक बटणांच्या सुट्या कीबोर्डांत आकड्यांची रांगच नसते. इनस्क्रिप्टमध्ये त्या रांगेवर शिफ्टसह ज्ञ, त्र, क्ष, श्र आहेत, रफार आहे, आणि रांगेच्या टोकाला ऋ आणि कृ मधला ृ. जोडाक्षरं तुकड्यांनी करता येतात, क, हलन्त, ष असं. ृ ला मात्र पर्याय नाही, तो वेगळं बटण दाबून धरून मिळवावा लागतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला चौकोनी कंस क्वचित लागतात म्हणून ते बटणही अशा कीबोर्डांत कापलेलं असतं, आणि त्याच बटणावर आपले ड आणि ढ आहेत. रेमिंग्टन मांडणीवाल्यांचंही, म्हणजे जुन्या मराठी टाइपरायटरच्या क्रमाने टाइप करणाऱ्यांचंही हेच, त्यांचीही अक्षरं पार कडेच्या बटणांपर्यंत पसरलेली.

विक्रेत्याला यातलं काही विचारून उपयोग नाही. उत्पादनाचा फोटो मोठा करा आणि मोजा: आकड्यांची रांग आहे का, तिच्या टोकाला बरोबरचं चिन्ह आहे का, एलच्या उजवीकडे एंटर सोडून दोन बटणं आहेत का, आणि पीच्या उजवीकडचं पहिलं बटण चौकोनी कंसाचं आहे की तिथे बॅकस्पेस आणून बसवलाय.